मोरीमागचं अळू

१

"ताटावर बसलीस की तोंड मिटायचं, सुनंदा. एक शब्द निघाला तरी हात धुऊन उठायचं. मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसतं पाणी."

सासूबाईंना जाऊन एकवीस वर्षं झाली होती. तरी अधिकमास लागला की त्यांचा आवाज सुनंदाबाईंच्या शेजारी पाट मांडून बसायचा. महिनाभर एकवेळ जेवण, तेही अळणी, आणि जेवताना मौन. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, त्यात रोजची अर्धा तास शांतता. देवाकडे याहून जास्त त्यांनी काही मागितलं नव्हतं. पण माधव नगरातल्या लोकांना सगळी संकटं नेमकी त्या अर्ध्या तासातच आठवत.

याला कारणही त्याच होत्या. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेली बाई. कोणतं पुस्तक कोणी दडवलंय हे त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या, असं सगळे म्हणत. तेव्हापासून कॉलनीत काहीही हरवलं की लोक त्यांच्याकडे यायचे, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरायचे.

सोमवारी बाराला त्यांनी भाताचा पहिला घास कालवला आणि देवश्री आत आली.

"काकू, माझी माती कोणीतरी बिघडवली!"

सुनंदाबाईंनी घास तोंडात घातला आणि डोळे मिटले. रामा रामा.

"मौन आहे, माहितीये मला. तुम्ही फक्त ऐका." देवश्री भिंतीला टेकून खालीच बसली. तिशीच्या आतली ही मुलगी. समोरच्या गोपाळकृष्णांच्या घराचं गॅरेज भाड्याने घेऊन तिने प्रयोगशाळा थाटली होती. समुद्रापासून इतक्या लांब, उज्जैनला बसून, समुद्रावरचा प्रयोग! कॉलनीने आधी खूप चेष्टा केली. पण माती इथली होती. देवास रोडच्या एका खाणीतली, मैद्यासारखी मऊ. खाडीत विषारी शेवाळ माजलं की ही माती पाण्यात कालवून वरून शिंपडायची. मातीचे कण एकमेकांना धरतात, शेवाळाचे बारीक जीव त्यात अडकतात आणि सगळं मिळून तळाला बसतं. वरचं पाणी स्वच्छ.

"शुक्रवारी मृणालताईंसमोर दोन्ही काचेच्या टाक्या नुसत्या गढूळ राहिल्या. दोन तास! एक कण खाली बसला नाही. आज पोतं तोललं, तर तीन किलो कमी. गाठही माझी नाही. कोणीतरी त्यात काहीतरी मिसळलंय, काकू."

मृणाल कोकणातल्या एका खाडीवरच्या बायकांची प्रतिनिधी. त्या बायका शिंपल्यातली कालवं वाढवून विकतात. गेल्या वर्षी पाणी लाल झालं, ती कालवं खाऊन वाडीतली तीन माणसं आजारी पडली आणि सगळं बंद झालं. माती चालते का ते डोळ्यांनी बघून ये, म्हणून बायकांनी मृणालला पाठवलं होतं. ती आज संध्याकाळच्या गाडीने परत निघणार होती.

"त्यांनी फोन करून सांगितलंही, की माती फेल. शनिवारी त्यांची बैठक आहे. बैठकीत निळं औषध टाकायचं ठरलं, तर शेवाळ मरेल, पण कालवांची पिल्लंही मरतील. आणि मी चार वर्षं..." तिने नाक पुसलं.

सुनंदाबाईंनी डाव्या हाताने तिच्याकडे पाण्याचं भांडं सरकवलं. याहून जास्त काही करता येत नव्हतं. विचारायचं मात्र खूप होतं, आणि तेवढ्यात दाराची कडी पुन्हा वाजली.

२

आलेला विक्रांत होता, देवश्रीचा सहकारी. पस्तिशीचा, उंच आणि सदा घाईत.

"इथे रडगाणं चाललंय का? काकू, अपन तर पहिल्या दिवसापासून बोलत होतो. माती-बिती फालतू चक्कर आहे. निळं औषध टाका, दोन दिवसांत पाणी साफ. ही ऐकेल तर ना!"

"तूच केलंस, विक्रांत," देवश्री म्हणाली. "गॅरेजची किल्ली तुझ्याकडे आहे."

"हौ! आणि गोपाळकाकांकडे नाहीये? घर त्यांचं आहे. मी शुक्रवारी तुझी इज्जत राखली. लोक बघून हसायला नको म्हणून दोन्ही टाक्या उचलून तिथल्या तिथे ओतल्या बाहेर. तो गाळ साफ कोणी केला? मीच!"

"नमुना ठेवायला हवा होता! एक बाटली तरी! आता तपासायला थेंबही उरला नाही."

"डोकं फिरलं होतं माझं. पाण्याचा ड्रमसुद्धा धुऊन ठेवला."

सुनंदाबाईंनी भाताचा दुसरा घास घेतला. अळणी भात थंड झाला की कागदासारखा लागतो. हा मुलगा तापट आहे, त्यांना वाटलं, आणि आपलं निळं औषध निवडलं जावं असं त्याला वाटणारच. पण पुरावा नाहीसा करणारा माणूस 'मीच ओतलं' असं छातीठोक सांगत येईल का?

"माती कोणी घेतली ते मला माहितीये," विक्रांत म्हणाला. "सांगू? अहल्याआत्या. सकाळी त्यांच्या तुळशीपाशी बघितलं मी. पिवळी माती! तीच!"

सुनंदाबाईंचा हात ताटावर थांबला. अहल्याबाई म्हणजे गोपाळकृष्णांची थोरली बहीण, सत्तरीची, एकादशीला पाणीही मोजून पिणारी.

आणि दारात अहल्याबाईच उभ्या होत्या. त्यांच्या हातात वाटी होती.

३

"मी चोर?" अहल्याबाई म्हणाल्या. "विक्रांत, तुझ्या मुंजीत तुला भिक्षा घातली रे मी!"

"आत्या, मतलब तसं नाही..."

"तसंच आहे. घेतली मी माती. रोज एक मूठ. महिनाभर रोज मातीची एक पार्थिव शिवपिंडी करते, पूजा करते आणि विसर्जन करते. आपली काळी माती वाळली की तडकते. ती पिवळी इतकी मऊ, लोण्यासारखी. म्हटलं, पोतंभर आहे, मूठभराने काय होतंय. देवासाठीच घेतली ना? विचारलं नाही, ते चुकलं. पण त्यात मी काही घातलं नाही. महाकालाची आण."

देवश्री कपाळाला हात लावून बसली. विक्रांत म्हणाला, "बघा! घेतली ना! मग बदल्यात अंगणातली माती टाकली असेल, वजन भरायला."

"वजन भरलं असतं तर तीन किलो कमी कसं आलं असतं रे शहाण्या?" अहल्याबाई कडाडल्या.

सुनंदाबाई मनात म्हणाल्या, बरोबर. काढलेल्या मातीने उरलेली माती बिघडत नाही. इतकं साधं गणित दोन शिकलेल्या मुलांना कळू नये, आणि ते सांगायला आपल्याला तोंड उघडता येऊ नये! तिघंही आता एकदम बोलत होते. भाताच्या घासावर माशी बसली. त्यांनी ती हाकलली. सासूबाईंच्या आवाजाला त्या मनातल्या मनात म्हणाल्या, आई, तुमच्या वेळी शेजारी असे नव्हते.

"हे घे," अहल्याबाईंनी डोळे पुसत वाटी ताटाशी ठेवली. "तुझ्यासाठी चटणी. अळणीच आहे. गॅरेजच्या भिंतीलगतच्या वाफ्यातली कोथिंबीर. आत्ताच उपटली."

"त्या वाफ्यातली?" विक्रांत म्हणाला. "तिथेच तर मी टाक्या ओतल्या शुक्रवारी! पूर्ण चाळीस लिटर!"

"मग? धुऊन घेतली मी. अशी तरारलीये की बघत राहावं."

"देवा," देवश्री म्हणाली. "नशीब, शेवाळ निरुपद्रवी जातीचं होतं. दाखवायला तेच वापरतो."

सुनंदाबाई वाटीकडे बघत राहिल्या. चटणी हिरवीगार होती. चटणीवर ठेवलेली चार पानं ताजी, टोकापर्यंत ताठ. शुक्रवार, शनिवार, रविवार. तीन दिवस, आणि वर हे ज्येष्ठातलं ऊन.

त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"देवश्री," त्या म्हणाल्या, "टाक्यांमधलं पाणी समुद्राचं होतं ना?"

तिघंही एकदम त्यांच्याकडे वळले. पहिल्यांदा भान आलं ते अहल्याबाईंना. "अगं बाई! सुनंदा, तू बोललीस! आता ताट?"

"उठले," सुनंदाबाई म्हणाल्या आणि हात धुवायला गेल्या.

४

वाफा खरोखर तरारला होता. सुनंदाबाई पदर डोक्यावर घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि पोटात कावळे ओरडत होते.

"पाणी त्यांच्याच खाडीतलं," देवश्री सांगत होती. "निळ्या ड्रममधून टेम्पोने आलं. चाळीस लिटर. मंगळवारी मी स्वतः खारटपणा मोजला. ड्रमवर चिठ्ठीही लावली."

"आणि शुक्रवारी?"

देवश्री वाकून वाफ्यातलं गवत उपटू लागली.

"शुक्रवारी मोजलंस का, बाळ?"

"पाहुणे साडेदहाला यायचे, ते नऊलाच आले. चिठ्ठी होती ना ड्रमवर. मी... नाही मोजलं."

"समुद्राचं चाळीस लिटर पाणी या कोथिंबिरीवर ओतलं असतं, तर तीन दिवसांत तिचा पाचोळा झाला असता. मिठाचं पाणी कोवळ्या मुळांना सोसत नाही. हिला तर पाहुणचार झाल्यासारखं दिसतंय. आता सांग, ही माती गोड्या पाण्यात घातली तर?"

"गोड्या पाण्यात कण एकमेकांना धरतच नाहीत. तासन्‌तास तरंगत राहतात. पाणी नुसतं गढूळ..." देवश्री वाफ्याच्या काठावर बसून मातीवर हात फिरवू लागली. "काकू! माती नाही. पाणी बदललं!"

"चार दिवस तू मातीच चाळत बसलीस," सुनंदाबाई जराशा त्राग्याने म्हणाल्या. "आणि मी अळणी भात अर्धा टाकून आले."

विक्रांत मागे सरकला. "माझ्याकडे बघू नका! मी पाणी बदललं असतं तर टाक्या कुठे ओतल्या ते स्वतःहून सांगीन कशाला? आणि चाळीस लिटर खारं पाणी कुठे नेऊ? डोक्यावर?"

हा प्रश्न मात्र नेमका होता. कुठे गेलं ते पाणी?

फाटकाशी पाण्याच्या कॅनवाल्याची गाडी थांबली. आरओच्या पाण्याचे वीस-वीस लिटरचे कॅन घरोघर देणारा तो माणूस सुनंदाबाईंना बघून तिथूनच ओरडला, "अम्माजी, गोपाल साब से बोलो ना, दो केन खाली नी लौटाए अभी तक. ग्यारस को एक्स्ट्रा मंगाए थे."

ग्यारस म्हणजे एकादशी. म्हणजे बुधवार.

दोन कॅन. चाळीस लिटर.

सुनंदाबाईंनी देवश्रीकडे पाहिलं नाही. त्या मुकाट्याने गोपाळकृष्णांच्या घराला वळसा घालून मागच्या अंगणात गेल्या.

५

मोरीचं पाणी मागे एका चरातून वाहायचं आणि चराच्या तोंडाशी अळू होतं. त्या अळूची पानं सुपाएवढी असत. गोपाळकृष्ण दर रविवारी वड्यांसाठी पानं वाटायचे. आज पानांच्या कडा तपकिरी, चुरचुरीत होत्या. मधली दोन पानं माना टाकून पडली होती. चराच्या कोरड्या काठावर पांढरट पापुद्रा धरला होता. नखाने खरवडला तर रांगोळीसारखा हातात आला.

जिभेवर ठेवायची गरज नव्हती. आणि महिनाभर तर त्यांना ते चालणारही नव्हतं.

आता आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांना स्वतःचाच राग आला. गोपाळकृष्णांची बायको सुलभा दोन वर्षं अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली. रोज सकाळी तिची वेणी घालायची, हा सुनंदाबाईंचा अधिकातला आणखी एक नेम. गुरुवारी तिचे केस काथ्यासारखे राठ लागले होते. कंगवा अडकत होता. "काय लावलंस गं?" त्यांनी विचारलं होतं. सुलभा नुसती हसली होती, अर्ध्या तोंडाने, पण कितीतरी दिवसांनी. पाच दिवस उत्तर हातात धरून आपण वेणी घालतोय!

गोपाळकृष्ण मागच्या ओट्यावर बसून रेडिओ लावत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांनी सुनंदाबाईंना अळूपाशी बघितलं आणि रेडिओ बंद केला.

"वहिनी," ते म्हणाले, "कळलं वाटतं."

"गोपाळराव, समोर ती पोरगी चार दिवस रडतेय. तुमची सख्खी बहीण चोर ठरतेय. आणि तुम्ही गाणी ऐकताय?"

"ऐकत नव्हतो. लागतच नव्हतं काही." त्यांनी चष्मा काढला. "मागच्या अधिकात आम्ही इथल्या, उज्जैनच्या सातही सागरांची यात्रा केली. हिने प्रत्येक ठिकाणी ठरलेलं दान दिलं. शेवटच्या सागराच्या पायरीवर म्हणाली, अहो, सातही तळीच की. खरा सागर कधी दाखवणार? मी म्हटलं, पुढच्या अधिकात, नक्की. पुढल्या वर्षी हिला झटका आला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. आणि मंगळवारी समुद्र आपण होऊन दारात आला, निळ्या ड्रममधून."

सुनंदाबाई ओट्याच्या पायरीवर बसल्या.

"एकच तांब्या घेणार होतो. एकादशी होती. ताई देवळात गेली होती. हिला मोरीत खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावर ओतलं. हिने डोळे मिटले आणि म्हणाली, आणखी. मी विचारलं, बास? म्हणाली, आणखी. दोन वर्षांत हिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं हो. मग संपलंच ते."

"आणि आरओचं पाणी भरलंत."

"दुसऱ्याचं घेतलं तर परत चांगलंच द्यावं ना? नळाचं गढूळ येतं, ते कसं द्यायचं? मला वाटलं, पाणी ते पाणी, उलट जास्त शुद्ध. शुक्रवारी बिघडलं, तेव्हा सगळे मातीबद्दलच बोलत होते. मलाही वाटलं, मातीचंच काहीतरी असेल. असं वाटणं सोपं होतं."

"आणि आता अहल्याताईंवर आळ आलाय, त्याचं काय?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आतल्या खोलीतून शब्द आले, जड, एकेक ओढून आणल्यासारखे.

"अहो. सांगा. सगळ्यांना."

६

तीन वाजता मृणाल सुनंदाबाईंकडे आली, पिशवी भरूनच. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, कमी बोलणारी. तिने सगळं ऐकलं आणि मान हलवली.

"सुनंदाताई, तुम्ही चांगल्या आहात. पण कोथिंबिरीवरून मी आमच्या बायकांना काय सांगू?"

"बसा," सुनंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी दोन काचेचे पेले स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवले. दोन्हीत आरओचं पाणी भरलं. मग मिठाची बरणी काढली, सोळा दिवस न उघडलेली. एका पेल्यात चमचाभर मीठ टाकून ढवळलं. पोत्यातली, अहल्याबाईंनी हात लावलेली ती माती देवश्रीने थोड्या पाण्यात कालवली आणि दोन्ही पेल्यांत सारखी ओतली. "हे गेल्या शुक्रवारचं," सुनंदाबाईंनी डाव्या पेल्यावर बोट ठेवलं. "आणि हे तुमच्या खाडीचं."

सगळे ओट्याभोवती उभे राहिले. अहल्याबाई जप करत होत्या. डावा पेला पिवळाच राहिला. उजव्यात आधी काहीच झालं नाही आणि विक्रांत हसायच्या बेतात आला. मग दूध नासावं तशी त्यात बारीक कणी धरली, कणीची गुठळी झाली आणि गुठळ्या हलकेच खाली उतरू लागल्या. अर्ध्या तासात वरच्या पाण्यातून पलीकडची बरणी दिसू लागली.

"च्यायला," विक्रांत म्हणाला, मग अहल्याबाईंकडे बघून, "सॉरी आत्या. त्याच्यासाठी पण, आणि मघाच्यासाठी पण."

मृणाल पेल्यावरून नजर काढत नव्हती. "मला पटलं," ती शेवटी म्हणाली. "पण हे मीठ स्वयंपाकघरातलं. आमच्या बायका म्हणतील, शुक्रवारी एक सांगितलंस, सोमवारी दुसरं. तुला उज्जैनला कोणी काय पाजलं? देवश्री, माती घेऊन तू चल. आमच्या खाडीवर, आमच्यासमोर कर. शनिवारच्या आत."

"येते. पण शुक्रवारचं त्यांना कोण पटवणार? मी सांगितलं तर म्हणतील, स्वतःची चूक झाकतेय."

दाराशी उभे असलेले गोपाळकृष्ण खाकरले.

"मी सांगेन. पाणी मी बदललं, हे माझ्या तोंडाने सांगेन तिथे."

"काका, रिझर्व्हेशन मिळणार नाही आता. तुम्ही सत्तरीला आलात," देवश्री म्हणाली.

"एकोणचाळीस वर्षं रेल्वेत होतो. जनरलमध्ये बसायला शिकवू नकोस मला."

"आणि सुलभा?" अहल्याबाईंनी विचारलं.

"तिच्याजवळ मी बसते," सुनंदाबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वयंपाक करा. फक्त बाराला मला कोणी काही विचारू नका. घर पेटलं तरी."

पाच वाजता सगळे देवश्रीने बोलावलेल्या रिक्षात पोती चढवत होते. गोपाळकृष्ण पिशवी घेऊन आतल्या खोलीत गेले. सुनंदाबाई सुलभाची वेणी सोडून धुतलेले केस पुसत होत्या. सुलभाने उशीखालून चालत्या हाताने एक पुरचुंडी काढली. पांढऱ्या कापडात बांधलेलं मीठ. सात सागरांपैकी रुद्रसागराला मीठ द्यायचं असतं. यंदा तिची यात्रा घडली नव्हती, पण दानाची पुरचुंडी तिने महिना लागताच अहल्याबाईंकडून बांधून घेतली होती.

"हे. तिथे. सोडा," ती म्हणाली.

गोपाळकृष्णांनी पुरचुंडी हातात घेतली. "समुद्रात मीठ, सुलभा?"

"अहो," सुलभा म्हणाली, आणि तिच्या अर्ध्या तोंडात जन्मभराचा वैताग दिसला, "सोडा म्हणते ना."

त्यांनी पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वर बटण लावलं. रिक्षात जागा उरली नव्हती. सगळे पोत्यांवरून वाद घालत असताना ते त्यांच्या बाजूने, चपला न वाजवता, फाटकाबाहेर पडले आणि फ्रीगंजच्या पुलाच्या दिशेने स्टेशनकडे चालू लागले. चालताना त्यांचा हात एकदा खिशापाशी गेला, बटण चाचपलं, आणि पुन्हा खाली आला.